तुटलेले ग्रुप परत येताना संथ गाणंच का गातात?

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा मला लिफ्टमध्ये गाठलं. "अगं, हे बॅलड बॅलड म्हणतात ते म्हणजे आपला पोवाडाच ना? माझ्या शब्दकोशात तसंच दिलंय." काकू तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. शब्दकोशावर त्यांचा सात-बाराच्या उताऱ्यासारखा विश्वास. झालं होतं असं, की त्यांची नात सुट्टीला आलीय आणि फुटून पुन्हा एकत्र आलेल्या कुठल्याशा ग्रुपचं एकच गाणं दिवसभर लावून बसतेय. मध्येच डोळेही पुसते. पोवाडा ऐकून पोरगी रडतेय कशाला, हे काही काकूंना उमजेना.

सातवा मजला येईपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहिते.

शब्दकोश चुकलेला नाही. इंग्रजीत बॅलड म्हणजे मुळात गोष्ट सांगणारं गाणंच. लढाई, खून, बुडालेलं जहाज, फसलेलं प्रेम असं काहीबाही त्यात असायचं. विसाव्या शतकात पॉपवाल्यांनी तो शब्द उचलला, त्यातली गोष्ट हळूहळू गळून गेली आणि संथ लय, प्रेम आणि विरह एवढंच शिल्लक राहिलं. त्यामुळे आज कुणी बॅलड म्हटलं तर डफ-तुणतुणं नको, भावगीत डोळ्यांसमोर आणा. मुखडा आहे, अंतरे आहेत, शब्द नीट ऐकू यावेत एवढी मोकळी जागा आहे. फरक वाद्यांच्या वजनात आहे. भावगीत पहिल्या ओळीला जेवढं भरलेलं असतं, साधारण तेवढंच शेवटपर्यंत राहतं. पॉप बॅलड मात्र चढत जातं. आधी नुसता पियानो किंवा गिटार आणि एकच गळा, दुसऱ्या अंतऱ्याला ड्रम, मग व्हायोलिनचा ताफा, आणि शेवटचा मुखडा सगळे मिळून, बऱ्याचदा वरच्या पट्टीत.

मला या विषयाचं एवढं वेड का, तेही सांगून टाकते. 1997 ते 2001 आम्ही कॉलेजातले पाच जण मिळून एक ग्रुप चालवत होतो. गणपतीत गिरगाव-लालबागची मंडळं, एरवी हळदीचे कार्यक्रम, एखादी गॅदरिंग. मग फुटलो. कशावरून, ते पुढे येईलच. आता एका मंडळाच्या पन्नाशीच्या निमित्ताने पुन्हा जमलोय आणि एक नवं गाणं बसवायचं घाटतंय. अर्थातच संथ. म्हणजे जगातल्या मोठ्या ग्रुपांचं जे होतं ते आमचंही होतंय, फक्त दादरच्या तासावारी भाड्याच्या खोलीत आणि बंद पडणाऱ्या एसीखाली.

परतीच्या बॅलडचा नमुना म्हणून एकच गाणं घ्यायचं तर मी टेक दॅटचं 'पेशन्स' घेईन. टेक दॅट ही मँचेस्टरची पाच पोरं. 1990 मध्ये ग्रुप जमला आणि पुढची पाचेक वर्षं ब्रिटनमध्ये त्यांनी नुसता धुमाकूळ घातला. 1995 च्या जुलैत रॉबी विल्यम्स बाहेर पडला. 13 फेब्रुवारी 1996 ला उरलेल्या चौघांनी ग्रुप संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा रडून रडून बेजार झालेल्या मुलींसाठी तिकडे फोनच्या हेल्पलाइन सुरू कराव्या लागल्या. मी त्यांची कॅसेट काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली होती. ते दुकानही 2016 मध्ये गेलं. जाताना टेक दॅटने निरोपादाखल जे गाणं दिलं तेही संथच, बी जीजचं जुनं 'हाउ डीप इज युअर लव्ह' नव्याने गायलेलं. आणि दहा वर्षांनी परतले तेही संथ गाणंच घेऊन.

पण गाणं घेऊन ते थेट दारात आले नाहीत, हे नीट बघण्यासारखं आहे. 2005 च्या नोव्हेंबरात आधी जुन्या गाण्यांचा संग्रह आला. त्याच सुमारास टीव्हीवर त्यांच्यावरचा माहितीपट लागला. लोकांनी तो प्रचंड पाहिला म्हटल्यावर दौरा जाहीर झाला, 2006 च्या उन्हाळ्यात तो दणक्यात पार पडला, त्या दरम्यान पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीशी नवा करार झाला, आणि मग कुठे नोव्हेंबर 2006 मध्ये 'पेशन्स' बाजारात आलं. सोयरिकीत कसं, आधी मध्यस्थ, मग पत्रिका, मग कांदेपोहे, आणि मुलगी काय बोलते ते सगळ्यात शेवटी. गाणं हे ते शेवटचं बोलणं. ते चार आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि पुढच्या वर्षीच्या ब्रिट पुरस्कारांत वर्षाचं सर्वोत्तम ब्रिटिश गाणं ठरलं.

गाण्यात सांगितलंय काय? पेशन्स म्हणजे सबुरी. जुन्या प्रेमाची जखम अजून ओली आहे, मी प्रयत्न करतोय, जरा धीर धर, असं गाणारा कुणाला तरी सांगतोय. कागदावर बघाल तर साधं प्रेमगीत. पण 1996 ला पंधरा वर्षांची असलेली मुलगी 2006 ला पंचविशीची झालेली आहे. तिच्या कानांवर ते शब्द पडतात तेव्हा कुठली प्रेयसी आणि कुठलं काय, हे चौघे सरळ तिच्याशी बोलतायत असंच तिला वाटतं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. गवळणीत कृष्णाला रागावणारी गोपी नक्की कुणाला रागावतेय, हे कीर्तनाला बसलेल्या आजीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. परतीच्या बॅलडमधला 'तू' असाच दुहेरी असतो. वरून प्रियकर किंवा प्रेयसी, आतून श्रोता.

आणि त्या 'तू'ला बहुतेक वेळा कसली तरी कबुली द्यायची असते. वेळ गेला, चुकलं, भांडलो, आता जमेल की नाही ठाऊक नाही. कबुली धावत्या लयीत देता येत नाही. मिनिटाला 120 ठोक्यांच्या नाचाच्या गाण्यावर कुणी "माझं चुकलं" म्हणालं तर ते खोटं वाटतं. बॅलड साधारण मिनिटाला 60 ते 80 ठोक्यांत चालतं, म्हणजे निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीच्या आसपास. दोन शब्दांमध्ये श्वास ऐकू येतो. त्या श्वासावर लोकांचा विश्वास बसतो.

दुसरं कारण जरा कमी रोमँटिक आहे. 2006 मध्ये टेक दॅटमधला सगळ्यात धाकटा मार्क ओवेन 34 वर्षांचा होता आणि थोरला हॉवर्ड डोनाल्ड 38 चा. पंचविशीतल्या उड्या अडतिशीत मारता येतात, पण बघणाऱ्याला गुडघे दिसायला लागतात. स्टुलावर बसून गायलेलं गाणं सगळ्यांनाच सोयीचं. आयर्लंडच्या वेस्टलाइफने तर स्टुलाचीच कला केली होती. पूर्ण गाणं बसून म्हणायचं आणि पट्टी बदलली की सगळ्यांनी एकदम उठायचं. लोक त्या उठण्याची वाट बघायचे.

ही पट्टी बदलण्याची भानगड जरा सावकाश सांगते, कारण बॅलडचा हुकमी एक्का तोच आहे. आपल्याकडे गाणाऱ्याला विचारतात, "कुठली पट्टी?" तो सांगतो काळी दोन किंवा पांढरी चार. म्हणजे पेटीवरच्या त्या पट्टीला सा मानायचा. आपल्या बहुतेक गाण्यांत तो सा एकदा ठरला की शेवटपर्यंत हलत नाही, तानपुरा हलूच देत नाही. पॉप बॅलडमध्ये मात्र शेवटच्या मुखड्याच्या तोंडाशी सा उचलून शेजारच्या पट्टीवर ठेवतात. पांढरी एकवर चाललेलं गाणं काळी एकवर किंवा पांढरी दोनवर जातं. चाल तीच, शब्द तेच, पण सगळं एका पायरीने वर. ऐकणाऱ्याला नक्की काय झालं ते कळत नाही, अंगावर काटा मात्र येतो. तीन मिनिटं एका उंचीला सरावलेल्या कानाखालची जमीनच वर सरकते. स्वस्तातली युक्ती आहे, असं नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मीही मुरडते. आणि दर वेळी काटाही येतो.

आता सूर. आपल्या समूहगानात पन्नास जण असोत की पाच, सगळे एकच सूर गातात, आणि ते एका सुरात आहेत हीच शाबासकी. पाश्चात्य ग्रुपमध्ये तसं नाही. एकाने सा धरला तर दुसरा त्याच शब्दांवर ग गातो, तिसरा प. तिन्ही एकदम लागले की चौथाच आवाज ऐकू येतो, जो तिघांपैकी कुणाचाच नसतो. त्या ग्रुपची खरी ओळख म्हणजे तो चौथा आवाज. म्हणूनच एकेकट्याने काढलेल्या रेकॉर्डमध्ये ती मजा येत नाही आणि म्हणूनच ग्रुप परत यावा असं लोकांना वाटत राहतं. संथ गाण्यात तो मिलाफ लपत नाही. जलद गाण्यात ड्रमखाली काहीही खपतं.

स्वीडनच्या ॲबाचा तो चौथा आवाज तर जगप्रसिद्ध होता. आग्नेथा आणि फ्रिडा या दोघींचे गळे, आणि त्यावर मायकेल ट्रेटोव या ध्वनिमुद्रकाची करामत. एकदा गाऊन झालेली ओळ तो पुन्हा ध्वनिमुद्रित करून घ्यायचा, पण टेपचा वेग केसभर बदलून. मग दोन थरांचा सूर अगदी किंचित वेगळा लागायचा आणि आवाज भरदार व्हायचा. ज्यांनी डबल रीडची पेटी ऐकली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. एका पट्टीमागे दोन सूरपट्ट्या, त्या केसभर पुढेमागे लावलेल्या असल्या की पेटी कशी घुमते, तसं.

ॲबाने 1974 मध्ये ब्रायटनला युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली, 1981 मध्ये त्या काळातला शेवटचा अल्बम काढला, मग चौघे पांगले. दोन जोडपी होती, दोन्ही घटस्फोट झाले होते. मधल्या काळात एकत्र दौरा करण्यासाठी त्यांना शंभर कोटी डॉलर देऊ केले होते, ते त्यांनी नाकारले, अशी बातमी वर्षानुवर्षं फिरत राहिली. 2018 मध्ये अचानक कळलं की ते स्टुडिओत जाऊन आले, दोन गाणी झाली. ती गाणी 2 सप्टेंबर 2021 ला बाहेर आली. त्यातलं संथ ते 'आय स्टिल हॅव फेथ इन यू'. त्यात मुख्य आवाज फ्रिडाचा. तेव्हा ती 75 वर्षांची होती. आग्नेथा 71.

पहिली ओळ ऐकताच जाणवतं, आवाज खाली आलाय. वयाबरोबर हे व्हायचंच. बायकांचे स्वरतंतू रजोनिवृत्तीनंतर जाडसर होतात आणि आवाज उतरतो. पुरुषांचं उलट. म्हातारपणी त्यांचे स्वरतंतू पातळ होतात आणि आवाज थोडा वर सरकू शकतो. दोघांचाही श्वास तोकडा पडतो, लांबवलेला सूर हलायला लागतो. संथ गाणं म्हातारपणी सोपं जातं हा गैरसमज आहे. ख्यालवाल्यांना विचारा, विलंबितात गाणाऱ्याला लपायला जागा नसते. चार मात्रा एकच सूर धरून ठेवायचा म्हणजे श्वास लागतो, आणि नेमका तोच कमी झालेला असतो.

मी स्वतः कॉलेजात असताना काळी पाचमध्ये गायचे. परवा तालमीला कीबोर्डवाल्याने जुन्या सवयीने काळी पाच दिली. मुखडा निभावला, अंतऱ्याला वरच्या सा पाशी पोचले आणि आवाज फाटला. कुणी काही बोललं नाही. त्याने मान खाली घालून काळी चार दिली आणि म्हणाला, "हे घे गं, हीच छान वाटते." पेटीवर ते अंतर बोटभराचंसुद्धा नाही. पण पंचवीस वर्षं त्या बोटभरात होती.

ॲबाने यावर शोधलेला उपाय मला आवडला. आवाज जसा आहे तसा ठेवला, पट्टी खाली घेतली आणि गाण्याचा विषयच तो केला. आपल्यात अजून ते आहे का, असा प्रश्न त्या गाण्यात सरळ विचारलाय. आणि शरीराचं? 27 मे 2022 पासून लंडनमध्ये खास बांधलेल्या प्रेक्षागृहात त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे रंगमंचावर 1979 मधल्या तरुण ॲबाची डिजिटल रूपं नाचतात आणि शेजारी दहा जणांचा खराखुरा वाद्यवृंद वाजवतो. खरे चौघे घरी. म्हणजे नव्या गाण्यात म्हातारे आवाज आणि मंचावर तरुण देह. कुणाला हे भुताटकीसारखं वाटतं, कुणाला वरदानासारखं. मला तिकीट परवडलं तर सांगेन.

बीटल्सचं उदाहरण याहून पुढचं. 'नाउ अँड देन' 2 नोव्हेंबर 2023 ला आलं, तोवर चारातले दोघे हयात नव्हते. जॉन लेननने घरी पियानोवर गुणगुणून ठेवलेली कॅसेट होती. 1995 मध्ये उरलेल्या तिघांनी प्रयत्न करून पाहिला, पण पियानो आणि खरखर यांत आवाज अडकलेला. अखेर संगणकाला आवाज ओळखायला शिकवून तो पियानोतून वेगळा काढला गेला. तांदळातून खडे निवडतात तसं, फक्त इथे तांदूळ आणि खडे एकमेकांत विरघळलेले होते. गाणं ब्रिटनमध्ये पहिलं आलं, 1969 नंतर प्रथमच.

सगळ्यांचंच असं जमतं असं नाही. स्पाइस गर्ल्स 2007 मध्ये पाचही जणी परत आल्या. लंडनच्या ओटूमध्ये त्यांचे 17 प्रयोग झाले, तिकिटांसाठी झुंबड. नवं गाणं 'हेडलाइन्स' मात्र अकराव्या क्रमांकावर अडकलं. पूर्वी त्यांचं कुठलंच गाणं पहिल्या दोनाच्या खाली गेलं नव्हतं. तेही संथ, तेही मैत्रीविषयी, मग बिघडलं कुठे? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. त्या गाण्यात कबुली नाही. आम्ही पुन्हा एकत्र, आमची मैत्री अभंग, चला गाजवू या, असा त्याचा सूर. मध्ये एक जण सोडून गेली होती, वर्षं गेली होती, हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. तुम्ही ते गाण्यात आणलं नाहीत की श्रोता मनात म्हणतो, बरं.

शिवाय नव्या गाण्याचं दुर्दैव असं, की ते ऐकायला कुणी आलेलंच नसतं. 2023 च्या मेमध्ये बॅकस्ट्रीट बॉइज हा नव्वदीतला अमेरिकन ग्रुप मुंबईत बीकेसीला आला होता, तेव्हा माझ्या शेजारच्या चाळिशीतल्या बायका जुन्या गाण्यांना घसा फोडून ओरडत होत्या. नवं लागलं की फोन बाहेर. शिवाजी मंदिरला मध्यंतराच्या दोन मिनिटं आधी लोक बटाटेवड्याच्या रांगेकडे कसे सरकायला लागतात, अगदी तसं. मग एवढा खटाटोप कशाला? नुसती जुनी गाणी म्हणून पैसे मिळतातच की.

इथे पैशाचा मामला येतो, आणि तो समजल्याशिवाय परतीचं गाणं कळत नाही.

एका गाण्यात मालकीच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पुरणपोळीचं उदाहरण घ्या. कृती एकीची आणि प्रत्यक्ष भाजलेली पोळी दुसरीची. शब्द आणि चाल ही कृती, ती लिहिणाऱ्याची. स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण ही पोळी, आणि ती बहुतेक वेळा ज्या कंपनीने पीठ-गूळ-गॅसचा खर्च केला तिची. जुनं गाणं रेडिओवर वाजलं की लिहिणाऱ्याला कृतीचे पैसे मिळतात, कंपनीला पोळीचे. ज्याने फक्त गायलं त्याच्या वाट्याला करारात लिहिलं असेल तेवढंच येतं, आणि विशीतल्या पोरांचे करार कसे असतात ते सांगायला नको. टेक दॅटच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क जुन्या कंपनीकडेच होते. नव्या गाण्याचा करार मात्र नव्याने करता येतो, अनुभवाच्या गाठी पदराला बांधून.

आपल्या कायद्यातही हा फरक आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून 60 वर्षं. 2012 मध्ये दुरुस्ती झाली, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीच्या नावे लिहून देताच येत नाही. दिला तरी ते कलम चालत नाही. तो वाटा गोळा करून देणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. गाणाऱ्यांसाठी 2013 मध्ये इस्रा निघाली. गायकाच्या सादरीकरणाच्या हक्काची मुदत 50 वर्षं.

आता टेक दॅटकडे परत येऊ. नव्वदीत बहुतेक गाणी गॅरी बार्लो लिहायचा, मुख्य आवाजही बहुधा त्याचाच. त्यामुळे कृतीचे पैसे त्याला, बाकीच्यांना नाच आणि घाम. हे दुखणं आत मुरत गेलं. 2006 च्या अल्बममध्ये, त्याचं नाव 'ब्यूटिफुल वर्ल्ड', गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावे एकत्र दिलं. 'पेशन्स'वर चौघे आणि त्यांचा निर्माता जॉन शँक्स अशी नावं आहेत. आणि त्याच अल्बममध्ये चौघांनाही एखाद्या तरी गाण्यात मुख्य आवाज मिळाला. जेसन ऑरेंज, जो आधी फक्त नाचायचा आणि मागे सूर द्यायचा, त्याने पहिल्यांदा एक पूर्ण गाणं पुढे येऊन गायलं. तो काही मोठा गवई नव्हता, पण ते गाणं ऐकताना कुणाला ते आठवत नाही.

मला वाटतं, परतीच्या बॅलडमध्ये खरं ऐकायचं असतं ते हे. पहिली ओळ कोण गातो. दुसरा अंतरा कुणाला दिला. शेवटच्या मुखड्याला वरचा सूर कुणाकडे. श्रेयात नावं किती आणि कुठल्या क्रमाने. जलद गाण्यात हे कुणाच्या लक्षात येणार नाही. संथ गाण्यात एकेका ओळीची वाटणी लख्ख ऐकू येते, भावकीच्या वाटणीपत्रात गट नंबर मांडावेत तशी. रॉबी विल्यम्स 2010 मध्ये परतला तेव्हाही आधी त्याचं आणि बार्लोचं दोघांचंच 'शेम' हे गाणं आलं. दोघांनी मिळून लिहिलेलं, एक ओळ याची, एक त्याची. पंधरा वर्षं वर्तमानपत्रांतून एकमेकांची उणीदुणी काढल्यावर त्यांना आधी ओळी वाटून घ्याव्या लागल्या.

कधी कधी वाटणीत नावच हातचं जातं. शुगाबेब्स हा तीन मुलींचा ब्रिटिश ग्रुप. एकेक जण बाहेर पडत, नवी येत, 2009 पर्यंत मूळ तिघींपैकी एकही उरली नव्हती आणि ग्रुप मात्र त्याच नावाने चालू. मूळ तिघी पुन्हा एकत्र आल्या तेव्हा त्यांना स्वतःचंच नाव वापरता येईना. 2013 मध्ये त्यांनी आपल्या तिघींची पहिली नावं जोडून गाणं काढलं, पण ऐकणाऱ्यांना या कोण ते कळायलाच वेळ लागला. 2019 मध्ये नाव परत मिळालं. 2022 ला ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांच्या तंबूभोवती इतकी गर्दी झाली की लोकांना आत सोडणं थांबवावं लागलं. नाटक कंपनीची पाटी कुणाच्या मालकीची यावरून आपल्याकडेही भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्याचं ऐकलंय, तेव्हा हसू नये.

आम्ही फुटलो ते अशाच एका कागदावरून. 2001 मध्ये एका छोट्या कंपनीने आमच्या चार गाण्यांची कॅसेट काढली. चाली आम्ही पाच जणांनी रात्र रात्र बसून बांधल्या होत्या. कॅसेटच्या आतल्या कागदावर संगीत म्हणून नाव आलं एकाचं, आमच्या कीबोर्डवाल्याचं. त्याने दिलं की कंपनीने छापलं, ते आजतागायत कळलेलं नाही. कॅसेट खपली नाहीच. पैसे कुणालाच मिळाले नाहीत. तरी चोवीस वर्षं गेली.

गेल्या रविवारी दादरच्या खोलीत नव्या गाण्याची तिसरी तालीम होती. चाल तयार, काळी चार पक्की. प्रश्न आला पहिल्या ओळीचा. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मीच गाणार, मीही धरलं होतं. कीबोर्डवाला थोडा वेळ नुसताच स्वर धरून बसला. मग तबलजीकडे वळून म्हणाला, "तू म्हण रे." तबलजी उभ्या आयुष्यात माइकसमोर गायलेला नाही. "येडा झालायस का? मी?" तरी उठला, डग्ग्याला लागलेला हात पँटला पुसला आणि म्हणाला. काळी चार त्याला कुठली झेपायला? त्याने ती खालच्या सप्तकात धरली, अर्धी ओळ बोलल्यासारखी, अर्धी गायल्यासारखी. आम्ही चौघे पुढच्या ओळीला आत आलो.

मग कीबोर्डवाल्याने वहीचं पान उलटून वर 'संगीत' असं लिहिलं आणि पुढे पाच नावं, वयाच्या क्रमाने. माझं चौथं आलं. तेवढ्यात खोलीवाल्याने दार वाजवलं, आमचा तास संपला होता.